माणूस चुकतो तेव्हा

7 नोव्हेंबर 2000 रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झाले, तेव्हा फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत मतदारांसमोर एक वेगळ्या मांडणीची मतपत्रिका आली. उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर होती आणि मत नोंदवण्यासाठी भोक पाडायच्या जागा दोन पानांच्या मधल्या पट्टीत एकाखाली एक होत्या. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव वरून दुसरे होते, पण त्यांच्यासाठीचे भोक तिसरे होते. दुसरे भोक उजव्या पानावरच्या पहिल्या उमेदवाराचे, म्हणजे पॅट ब्युकॅनन यांचे. डावे पान वरून खाली वाचत आलेला माणूस दुसऱ्या नावासाठी दुसरे भोक पाडणार, हे आज ती मतपत्रिका पाहणाऱ्या कुणालाही कळते. त्या दिवशी त्या काउंटीत ब्युकॅनन यांना सुमारे 3,400 मते पडली, आणि एकाहून जास्त भोके पाडली गेल्यामुळे 19 हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा 537 मतांनी जिंकले आणि फ्लोरिडाबरोबर अध्यक्षपदही.

निकालानंतर दोष मतदारांच्या माथी मारणारे पुष्कळ होते. नीट वाचले असते तर चूक झाली नसती, असे म्हणायला पुरावा लागत नाही. उलट बाजूने बोलायचे तर पुरावा लागतो, आणि तो सहा राज्यशास्त्रज्ञांनी शोधून काढला. डिसेंबर 2001 मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यांची युक्ती साधी आणि देखणी होती. त्याच काउंटीतल्या ज्या मतदारांनी टपालाने मत पाठवले होते, त्यांच्या मतपत्रिकेवर ही फुलपाखरासारखी दोन पानी मांडणी नव्हती. मतदार त्याच गावांतले, उमेदवार तेच, निवडणूक तीच. फरक कागदाच्या मांडणीचा. टपाली मतांत ब्युकॅनन यांचा जो वाटा होता, त्याच्या जवळपास चौपट वाटा मतदान केंद्रावरच्या मतांत निघाला. दोन हजारांहून अधिक मतदारांनी गोर यांना मत द्यायला जाऊन चुकून ब्युकॅनन यांना मत दिले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विजयाचे अंतर 537 होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळते.

संगणकावरच्या पुस्तकाची सुरुवात कागदाच्या तुकड्यापासून करण्याला कारण आहे. ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे बोलीत एचसीआय, या विषयाबद्दल आपल्याकडे असा समज आहे की ही स्क्रीन सुबक करण्याची कला: रंग निवडायचे, बटणे गोलसर करायची, अक्षरे नीट लावायची. स्क्रीन सुबक दिसणे ही या विषयातली दुय्यम बाब आहे. माणूस आणि यंत्र यांच्यात जिथे चूक घडते, तिथे ती का घडली हे पुराव्यानिशी शोधणे आणि मांडणी बदलून ती कमी झाली का हे पुन्हा तपासणे, हे मुख्य काम. अमेरिकेत या विषयातले पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर पैसा आणि वर्षे या शोधाच्या शिस्तीसाठी खर्च करावीत, एरवी करू नयेत, हे या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे.

ही शिस्त संगणकाच्या आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी खालची चाकेच मिटवून टाकी. विमान पोटावर बसे. अल्फोन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्हींची नियंत्रणे शेजारी शेजारी आणि सारख्याच आकाराची होती. ज्या विमानांत अशी जोडी नव्हती, तिथले वैमानिक ही चूक करत नव्हते. उपाय म्हणून चाकाच्या दांड्याला चाकासारखी रबरी मूठ आणि फ्लॅपच्या दांड्याला पाचरीसारखी मूठ बसवण्यात आली, म्हणजे अंधारातही हाताला ओळखू यावी. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनी सांगितलेल्या 460 चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अहवालाच्या शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. त्या दोन चिन्हांत या विषयाचा सगळा पवित्रा आला, असे मला वाटते. वैमानिक चुकला हे त्यांनी नाकारले नाही. तेवढे म्हणून थांबायला त्यांनी नकार दिला. आजही अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांनुसार मोठ्या प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

याच फिट्स यांनी 1954 मध्ये एक सूत्र मांडले: हात एखाद्या लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ लक्ष्याच्या अंतरावर आणि त्याच्या रुंदीवर कसा अवलंबून असतो याचे. डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगासमोर आणला. पण माउसच का, जॉयस्टिक किंवा बाणाची बटणे का नकोत, याचे मोजमापाने दिलेले उत्तर 1978 चे आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी ही साधने एकमेकांशी ताडून पाहिली आणि माउसचा वेग फिट्स यांच्या सूत्राशी जुळत असल्याचे दाखवले. विमानाच्या कॉकपिटमधली विद्या अशी टेबलावरच्या संगणकापर्यंत आली. मार्च 1982 मध्ये मेरीलँडमधल्या गेदर्सबर्ग येथे संगणक आणि मानवी घटक या विषयावर परिषद भरली आणि त्याच वर्षी संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संघटनेत या विषयाचा स्वतंत्र गट उभा राहिला. पुढच्या वर्षी कार्ड, टॉम मोरान आणि ॲलन न्यूएल यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ हे पुस्तक आले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1994 पर्यंत या विषयाची वेगळी संस्थाच स्थापन झाली.

प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी: अमेरिकेत हा विषय एका छपराखाली राहत नाही. जॉर्जिया टेकची पदव्युत्तर पदवी चार विभाग मिळून चालवतात: संगणन, मानसशास्त्र, औद्योगिक डिझाइन आणि साहित्य-माध्यम-संवाद. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तो अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे, पण त्या विभागाचे मूळ तांत्रिक लेखनाच्या अध्यापनात. मिशिगनमध्ये तो माहितीशास्त्राच्या शाळेत शिकवतात, आणि त्या शाळेचे मूळ ग्रंथालयशास्त्रात. पत्ता बदलला की विषयाचा तोंडवळा बदलतो: एका ठिकाणी प्रयोग आणि संख्याशास्त्र, दुसऱ्या ठिकाणी मुलाखती आणि निरीक्षण, तिसऱ्या ठिकाणी हाताने घडवलेले नमुने. विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते पाहून अर्ज करणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, आणि अभ्यासक्रम सुरू झाल्यावर आपण भलत्याच घरात आलो असे त्यांना वाटू लागते. अध्यापक कोणत्या पद्धतीने पुरावा गोळा करतात, हे त्यांच्या दोन-चार निबंधांतून वाचून मगच अर्ज करावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की यात शास्त्र कसले, ही तर साधी समज आहे. पाम बीचची मतपत्रिका याचेही उत्तर देते. निवडणूक अधिकाऱ्यांनी नावे दोन पानांवर पसरली, कारण उमेदवार दहा होते आणि काउंटीतल्या वृद्ध मतदारांसाठी अक्षरे मोठी ठेवायची होती. हेतू चांगला होता आणि तो वापरणाऱ्याचाच विचार करणारा होता. मतपत्रिकेचा नमुनाही मतदानाआधी लोकांसमोर आलेला होता. समज सगळ्यांकडे होती, तरी अडचण निवडणुकीआधी उघड झाली नाही. कारण मांडणी करणारा माणूस आपली मांडणी समजूनच बसलेला असतो. प्रथमच पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ती पाहणे त्याला शक्य नसते. म्हणून परक्या माणसाला बसवून, त्याला न सुचवता, त्याचा हात कुठे जातो हे बघावे लागते. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये दाखवले की अशा चाचणीत पहिली काही माणसेच बहुतेक मोठे दोष उघडे पाडतात. पाच माणसांचा प्रसिद्ध ठोकताळा तिथूनच निघाला. या आकड्यावर पुढे वाद झाले, आणि ते रास्त आहेत, कारण दुर्मीळ पण घातक चूक पाच जणांत दिसेलच असे नाही. परंतु शून्य आणि पाच यांत जे अंतर आहे, ते पाच आणि पन्नास यांत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक चूक मांडणीच्या खात्यावर टाकली तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला थ्री माइल आयलंडचा अपघात यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. 28 मार्च 1979 च्या पहाटे त्या अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि ती मिटायला हवी होती तेव्हा मिटली नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप मिटल्यासारखे दाखवत होता. कारण झडपेला मिटण्याचा संदेश गेला की नाही, एवढेच तो दिवा सांगे. झडप खरोखर मिटली की नाही, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले. झडपेतून निघालेले पाणी ज्या टाकीत जमत होते, तिचा दाब दाखवणारे यंत्र मुख्य पटलाच्या मागच्या बाजूला होते. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारे पाणी बाहेर जात राहिले, आणि पाणी जास्त झाले असे समजून चालकांनी आपत्कालीन पाणीपुरवठाच कमी केला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी डार्टमथचे गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बेसिक ही संगणकभाषा घडवणाऱ्या दोघांपैकी हे एक. आयोगाने चालकांच्या चुका झाकल्या नाहीत. त्याबरोबर प्रशिक्षण, लिखित कार्यपद्धती, नियंत्रण कक्षाची रचना आणि देखरेख करणाऱ्या संस्था यांच्यावरही त्याने बोट ठेवले. जबाबदारी इथे नाहीशी होत नाही, ती वाटली जाते. चालकाला बडतर्फ केल्याने तो दिवा बदलत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस तोच दिवा पाहून तेच समजणार.

तिसरा आक्षेप आजचा आहे. स्क्रीन आखण्याचे ‘फिग्मा’ हे साधन शिकवणारे व्हिडिओ फुकट मिळतात, तीन महिन्यांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळी सांगितल्या की ती स्क्रीन तयार करून देते. मग दोन वर्षे आणि कर्ज कशाला? माझे उत्तर सरळ आहे: स्क्रीन तयार करायला शिकण्यासाठी जाणार असाल, तर जाऊ नका. ते काम स्वस्त झाले आहे आणि आणखी होईल. 2022 च्या अखेरीपासून अमेरिकन तंत्रज्ञान कंपन्यांनी जी कपात केली, तिच्यात डिझाइन आणि वापरकर्ता-संशोधन करणारेही होते, आणि नोकरीचे गणित दहा वर्षांपूर्वीसारखे राहिलेले नाही. शिक्षण संपल्यावर एफ-1 व्हिसावर मिळणारी 12 महिन्यांची कामाची मुभा आणखी 24 महिने वाढते की नाही, हे विद्यापीठाने ती पदवी कोणत्या वर्गात नोंदवली आहे यावर ठरते. हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे, गृहीत धरू नये. मात्र जे काम यंत्राला सोपवता येत नाही, ते झेरॉक्सच्याच एका जुन्या अभ्यासात दिसते. मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी तिथे नव्या कॉपी मशीनवर काम करणाऱ्या लोकांचे चित्रीकरण केले. मशीन वापरणाऱ्याचा हेतू ओळखून पायरीपायरीने सूचना देई, आणि तरी माणसे अडत. एका चित्रफितीत मशीनपुढे गोंधळलेल्या दोघांपैकी एक होते ॲलन न्यूएल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थापकांपैकी एक आणि वर उल्लेखिलेल्या पुस्तकाचे सहलेखक. सचमन यांचा 1987 च्या ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ मधला मुद्दा असा की माणूस आखलेल्या योजनेप्रमाणे पायऱ्या चढत नाही, तो समोरची परिस्थिती पाहून पाऊल टाकतो, आणि मशीनला त्या परिस्थितीचा फार थोडा भाग दिसतो. आजच्या चॅटबॉटला हे लागू पडते की नाही, याचा निकाल कुणीतरी बसून, पाहून, नोंदी घेऊनच लावावा लागेल. ते कुणीतरी तयार करणे हे पदव्युत्तर शिक्षणाचे काम.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे फेटाळू शकत नाही. माणूस कुठे चुकतो हे ज्याला कळते, त्याला माणसाला चुकवायचे कसे हेही कळते. 2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’ खेळाची निर्माती एपिक गेम्स हिच्याकडून ग्राहकांच्या परताव्यासाठी 24.5 कोटी डॉलर मंजूर करून घेतले. आरोप असा होता की बटणांच्या गोंधळात टाकणाऱ्या मांडणीमुळे खेळणाऱ्यांकडून नकळत खरेदी होत असे. 2014 मध्ये फेसबुकवरच्या 6,89,003 वापरकर्त्यांच्या समोर येणारा मजकूर बदलून त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो हे पाहणारा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या लोकांची वेगळी संमती घेतली नव्हती म्हणून मोठे वादळ उठले. अमेरिकन विद्यापीठांत माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती असते. टस्कीगी येथे कृष्णवर्णीय रुग्णांना 40 वर्षे उपचाराविना ठेवून केलेल्या सिफिलिसच्या अभ्यासाची लाज 1972 मध्ये देशासमोर आली, त्यानंतरच्या कायद्यातून ही व्यवस्था पक्की झाली. संमतीपत्र लिहिणे विद्यार्थ्यांना कारकुनी वाटते. माझ्या मते अभ्यासक्रमातले सर्वांत महत्त्वाचे लेखन तेच आहे. तरीही कंपनीत गेल्यावर ती समिती सोबत येत नाही, आणि या विद्येचा दुरुपयोग थांबवण्याची हमी कोणतीही पदवी देत नाही.

मराठी वाचकाचा एक प्रश्न उरतो: यासाठी अमेरिकाच का? पवईच्या आयआयटीतले औद्योगिक डिझाइन केंद्र 1969 चे आहे, कार्नेगी मेलनच्या संस्थेहून पंचवीस वर्षांनी जुने. आपल्या मतदान यंत्राच्या बाह्यरचनेत त्या केंद्रातल्या अध्यापकांचा हात आहे. त्या यंत्राच्या सुरक्षिततेचा वाद वेगळा. इथे फक्त त्याची मांडणी पाम बीचच्या मतपत्रिकेशेजारी ठेवून पाहावी. नाव, चिन्ह, दिवा आणि बटण एकाच आडव्या ओळीत, सगळी नावे एकाच उभ्या रांगेत, आणि मत नोंदले गेल्याचा कानाला कळणारा आवाज. अक्षरओळख नसलेल्या माणसाला गृहीत धरून केलेली मांडणी अक्षरओळख असलेल्यालाही चुकू देत नाही. त्याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ हा कळफलक केला. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने, आणि अक्षरावर बोट टेकताच त्याच्याभोवती मात्रांचे चक्र. टंकलेखन यंत्रासाठी अमेरिकेत जन्मलेल्या क्वर्टी रचनेत देवनागरी कोंबण्याऐवजी पहिलीच्या वर्गात शिकलेली बाराखडी तिथे आधाराला घेतली आहे. हे पाहिले म्हणजे अमेरिकेहून काय आणायचे आणि काय नाही, हे ठरवता येते. मोजण्याची, नोंदण्याची, स्वतःचे म्हणणे खोटे ठरू देण्याची शिस्त आणावी. ती तिथे फार पक्की आहे. तिथली गृहीते आणू नयेत. एक माणूस, एक उपकरण, एक खाते, हे तिथल्या अनेक अभ्यासांत न बोलता धरलेले असते. आपल्या सेतू केंद्रात एका स्क्रीनपुढे तिघे असतात: अर्जदार, अर्ज भरून देणारा आणि सोबत आलेला शेजारी. ओटीपी चौथ्याच्या, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर येतो. यातला वापरकर्ता कोण, हा प्रश्न अमेरिकन पाठ्यपुस्तकात तयार मिळणार नाही. तो घेऊन जाणारा विद्यार्थी तिथल्या वर्गालाही काही देऊन येईल.

हे पुस्तक वाचून अर्ज करायचे ठरवलेल्यांना एक विनंती. अर्जासोबतचे निवेदन लिहिण्याआधी आपल्या तालुक्याच्या सेतू केंद्रात, बँकेत किंवा रेल्वेच्या तिकीट यंत्रापाशी जा. संबंधितांची परवानगी घ्या, माणसांना आपण काय करतो आहोत ते सांगा, आणि पाच जणांना एकच काम करताना पाहा. मदत करावीशी वाटेल. काम संपेपर्यंत करू नका, संपल्यावर अवश्य करा. बोट कुठे थांबले, कोणता शब्द दोनदा वाचला गेला, चूक झाल्यावर माणसाने यंत्राला दोष दिला की स्वतःला, हे त्यांची नावे न लिहिता वहीत टिपून ठेवा. मग त्या वहीतला जो प्रश्न तुम्हाला आठवडाभर सोडत नाही, तो निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.